बाबांचं ‘हं’

उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या पोरांना रोज सकाळी नाश्ता मिळायला हवा, हे मंत्र्यांच्या गळी उतरवायचं काम गरिबी हटवू पाहणाऱ्या एका देशव्यापी संस्थेनं यंदा ताईवर सोपवलं होतं. वर्षभर तिनं चपला झिजवल्या. पण भेट मिळाली की मंत्री स्वतःच बोलत सुटायचे आणि ती तोंड उघडेपर्यंत वेळ संपलेली असायची.

संध्याकाळी घरी आली की मंत्र्यांपुढे राहून गेलेलं सगळं ती बाबांना ऐकवायची. बाबा वस्तऱ्याला धार लावत बसलेले असायचे, कारण सकाळी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी दाढी करायला जायचं असायचं. तिचं सांगून झालं की नुसतं “हं” म्हणायचे.

“बाबा, तुमच्यापुढेसुद्धा तोंडाची वाफच दवडतेय मी,” ती करवादायची.

“हं.”

आज मंत्र्यांनी सभागृहात नाश्त्याची योजना जाहीर केली, आणि वर म्हणाले, “रिकाम्या पोटी पाढे डोक्यात शिरत नाहीत.” संस्थेत जो तो आपल्याच अहवालाची पाठ थोपटत होता. ताई मात्र तडक घरी आली.

“बाबा, ते वाक्य माझं आहे. आणि मी ते फक्त तुमच्यासमोर बोलले होते.”

बाबांनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला.

 

“गळ्यावर वस्तरा असला ना पोरी, की साहेब मध्ये बोलत नाहीत.”