क्लॅरिनेटवाल्याचा दात

म्हातारा क्रिस्पुलो तरुणपणापासून गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि क्लॅरिनेट टेकतं वरच्या पुढच्या दातांवर. त्यातलाच एक ठणकायला लागला. आजवर दुखलेले दात त्याने उपटूनच टाकले होते, पण हा गेला तर वाजवणंही गेलं, आणि रविवारी गावच्या संताची, सान इसिद्रोची, मिरवणूक होती. “उपटायचा नाही, रूट कॅनाल करायचं,” दातांच्या तरुण डॉक्टर म्हणाल्या; म्हाताऱ्यांना त्या लोलो, म्हणजे आजोबा, म्हणत. “इंजेक्शनने बधिर करीन, आतली सडलेली नस काढून पोकळी साफ करीन, भरून टाकीन. दोन-तीन दिवस जरा ठणकेल, लोलो, मग वाजवा खुशाल.” “नस काढताना जीव जाईल का?” “छे! जबडा तेवढा अवघडेल.” “अवघडू दे,” त्याची बायको लिगाया म्हणाली, “तासभर तोंड उघडं आणि बोलणं बंद, मला बघायचंच आहे!” सुई टोचली तेव्हा क्रिस्पुलोने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तो पुढच्या कळेची वाट पाहत राहिला. कळ आलीच नाही. हळूहळू त्याची बोटं सैल पडली. काम संपलं तेव्हा डॉक्टर हसल्या, “लोलो घोरताहेत.” “चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा,” लिगाया हलकेच म्हणाली, “झोपू दे जरा, पोरी.” रविवारी बँड त्यांच्या दारावरून गेला. क्लॅरिनेटचा एक सूर घसरला, तशी शेजारीण कळवळली, “दात दुखतोय वाटतं अजून!” “दात ठणठणीत आहे,” लिगाया समाधानाने म्हणाली, “तो सूर आमच्या लग्नापासून असाच घसरतोय.”