पहाटांना जागा

"आतलं काही हलणार नाही ना?" पाखरूकाकांनी पुन्हा विचारलं.

संगणक दुरुस्त करणारी मुलगी टेबलाखाली शिरून शेवटचा स्क्रू पिळत होती. दातांत छोटी बॅटरी धरूनच तिने काहीतरी उत्तर दिलं.

"आधी ती बॅटरी तोंडातून काढा, मग बोला," काका म्हणाले.

आयुष्यभर मास्तरकी केलेली दिसतेय, असं तिच्या मनात आलं. ती बाहेर आली. केसांतलं जळमट झटकत म्हणाली, "नाही हलणार. पण जपून करावं लागेल."

पाखरूकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. खिडकीबाहेर झाड, झाडाला मायक्रोफोन, आणि त्याची वायर थेट या टेबलापर्यंत. रोज पहाटे झाडावर जे जे बोलेल ते इथे उतरायचं. वर्षानुवर्षांच्या पहाटा, एकीवर एक अलगद रचलेल्या. त्या सांभाळता सांभाळता डिस्क म्हातारी झाली आणि कण्हायला लागली.

"कण्हतेय हे मी ओळखलं," काकू दारातून म्हणाल्या. "हे तिच्या मांडीला मांडी लावून बसलेले, पण पत्ता नाही! यांना काही सांगायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं. हाका मारून माझा घसा गेला."

"आमच्या बाबांचंही तेच," मुलगी हसली.

सकाळपासून तिने सगळं नव्या, चौपट मोठ्या डिस्कवर उतरवलं होतं. शेवटची पहाट उतरली आणि जुनी डिस्क कायमची गप्प झाली. आता जे होतं ते या एकाच ठिकाणी. आणि संगणक अजूनही म्हणत होता, जागा संपली.

"मोठ्या जमिनीवर आलोय, पण डिस्कवर आखलेलं कुंपण जुनंच आहे," तिने समजावलं. "ते काढून मोठं घालायचं. सुरुवात मात्र जुन्याच खुंटीपासून. खुंटी जरा सरकली तर आतलं काहीच सापडायचं नाही. त्यापेक्षा उद्या मी आणखी एक डिस्क आणते. आधी दुसरी कॉपी करू, मग हात लावू."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "उद्या पहाटे तो येईल."

"कोण?"

"वाटसरू आहे. लांबून येतो, चार-दोन पहाटा झाडावर टेकतो, निघून जातो. मायक्रोफोन लावल्यापासून एकदाही आला नव्हता. काल आला. गळा मोकळा केला, आणि तेवढ्यात ही भरली." त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. "अर्धीच ओळ मिळाली. उद्या पूर्ण मिळेल, नाहीतर कधीच नाही."

मुलगी खुर्चीत बसली. कुंपण सुरू होतं तो आकडा तिने तळहातावर लिहिला. काकूंकडून मोठ्याने वाचून घेतला. मग श्वास रोखून जुनं कुंपण काढून टाकलं.

पडद्यावर काहीच उरलं नाही. इतक्या वर्षांचा किलबिलाट, आणि तिथे कोरी पाटी. काकांनी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तिने तोच आकडा घातला. शेवटची खुंटी पार दूर, जमिनीच्या टोकाला ठोकली. मग आतल्या फाइलींच्या व्यवस्थेला सांगितलं: पसर आता, कुंपणापर्यंत.

पडद्यावरची काठोकाठ भरलेली लाल पट्टी आखडायला लागली. आखडत गेली, आणि तिच्यापुढे पांढरी जागा उघडत गेली, पीक काढल्यावर शेताच्या बांधापर्यंत नजर जावी तशी.

"एवढी जागा होती?" काकू पुटपुटल्या.

"होतीच. दिसत नव्हती."

काकांनी सगळ्यांत जुनी पहाट उघडली. "हेडफोन एकच आहे. तुम्ही ऐका."

पडद्यावर आवाजाचं चित्र सरकू लागलं. बारीक सूर वर, जाड सूर खाली. काका त्यावर नजर ठेवून बोलू लागले. "आता कुत्रं भुंकेल. पिल्लांची आई दचकली. आता पिल्लं, तीन आहेत, धाकटं मागे पडतंय. हा पलीकडच्या फांदीवरून जबाब आला."

सगळं तसंच होत गेलं. पहाट म्हणजे तिला आजवर नुसता कलकलाट वाटत आला होता. आता त्यातला एकेक गळा सुटा झाला. प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं, लाड वेगळे, भांडण वेगळं. तिच्या अंगावर काटा आला. तिने हेडफोन काढले.

"काका, असा कान मी जन्मात पाहिला नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी तिला खुणेनेच हेडफोन पुन्हा घालायला लावले आणि कालची तुटकी ओळ उघडली.

पडद्यावर एक रेघ उगवली. उंच चढली, कलली, थरथरत एकेक पायरी उतरली आणि मधेच तुटली. मुलगी तशीच बसून राहिली. डोळे कधी भरले ते तिला कळलं नाही.

काका पडद्याकडे बघत नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कसा आहे?"

"सुरेख!"

"असं नको. ही पण नुसतं 'गोड, गोड' म्हणते. नीट, सावकाश सांगा," काका खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसले. "माझे कान लहानपणीच गेले, आणि तेव्हा हा पक्षी आमच्या झाडावर येत नव्हता."