कानातलं नाव

राजेश्वरीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून पुण्यातल्या सोमेशदादाच्या लेकीचं नाव सोलापुरातूनच व्हिडिओ कॉलवर ठेवायचं ठरलं. बाळाच्या कानात कुर्र करायचा मान आत्याचा; तो ती कुणाला सोडणार? तिकडं पाळणा सजला, बायका गाऊ लागल्या. इकडं सकाळीच चार्ज केलेला नवा फोन फाइव्हजी हुडकता हुडकता बॅटरी खाऊन तव्यासारखा तापला नि विझला. सोलापुरातल्या भवानी पेठेत वीजही गेलेली. "मुडद्या, वाऱ्याच्या वेगाचा म्हणून मिरवत होतास! दुपारपर्यंत तरी जगायचंस!" ती कडाडली, पण डोळे भरले. वडिलांनी रबर गुंडाळलेला आपला बटणांचा फोन पुढं केला. "घे, सोमेशला लावलाय." "अप्पा, यात बाळ कुटं दिसतंय?" "अगं, नाव कानात सांगायचं असतंय की. पोरीला तुझं थोबाड कशाला?" तिकडं फोन बाळाच्या कानाला लागला. "कुर्र... वैष्णवी!" पोरीनं भोकाड पसरलं. नाव पोचलं.