गोल खिडकीची काच

"हात नको लावूस, ओरिजिनल आहे!" जिन्याच्या ज्या कठड्यावरून आम्ही दोघी बालवाडीपासून घसरतोय, त्याला हात लावला म्हणून केतकी ओरडली.

आमची घरं जुळी. नव्वद वर्षांपूर्वी एकाच नकाशावर शेजारी शेजारी बांधलेली. सपाट गच्ची, आगबोटीसारखा सज्जा, जिन्यावर गोल खिडकी. बाबांनी आमचं घर टाइल्स लावून चकाचक केलं. केतकीकडे साधा रंगही लागला नाही. तेव्हा मी हसायचे. आता तिचं घर वारसावास्तू झालंय! पेपरात फोटो आलाय, त्यातून आमचं घर कापलंय. जळून कोळसा झालाय माझा.

दुरुस्ती करणाऱ्या आर्किटेक्ट ताई मात्र हिरमुसल्या होत्या. "गोल खिडकीची हिरवी काच फुटलीय गं. तशी आता कुठेच मिळत नाही."

मिळते. बाबांनी आमच्या खिडकीतून काढलेली काच आईने पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलीय. गप्प बसावं का? क्षणभर फार गोड वाटलं. मग पळत घरी गेले.

ओढणीने पीठ पुसतच काच आणली. ताईंचे डोळे चमकले. केतकीने धावत येऊन हात पुढे केला.

"हात नको लावूस," मी म्हटलं, "ओरिजिनल आहे!"