चार नंबरचा रिसीव्हर

आठव्या घराचं बटण दाबून वायरमन इमारतीच्या दाराजवळच्या इंटरकॉमच्या पॅनेलला तोंड लावून म्हणाला, "मी आलोय, दार उघडा." वरून कुणीतरी हसलं, इमारतीच्या लोखंडी दाराचं कुलूप खटकन सुटलं आणि त्यानं कागदावर आठव्या रकान्यात खूण केली. झालं. आठही घरं लागली.

त्याचे उस्ताद असते तर चांगली कानउघाडणी झाली असती. चाचणी घेताना फक्त घराचा नंबर बोलायचा, 'मी आलोय' असं कधी म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हाही कधी विचारायला गेला नाही. पण जन्मभर पाढे म्हटल्यासारखं "एक, एक, दोन, दोन" करून त्याला कंटाळा आला होता. शिवाय 'दार उघडा' म्हटलं की माणसं घरातल्या रिसीव्हरवरची कळ पटकन दाबतात. नियम धाब्यावर बसवायला त्याला एवढं कारण पुरलं.

गच्चीवरून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, अँटेना बसली. आता घरात कुणी नसलं तरी मोबाईलवर बेल जाईल. येऊ का खाली? टाळूवर चहा उकळेल असं ऊन आहे."

"ये. आपलं आवरलंच."

तो पिशवी भरायला वाकला. पक्कड, पेचकस, टेपची गुंडाळी. आणि तळाशी, प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेला एक रिसीव्हर. त्यानं तो उलटा केला. मागं त्याच्याच हातानं लिहिलेला आकडा होता. चार.

सकाळी चार नंबरला कुलूप होतं, म्हणून ते घर त्यानं मागं ठेवलं होतं आणि मग साफ विसरला होता. त्यानं पुन्हा कागद पाहिला. चौथ्या रकान्यात खूण होती. चार दाबल्यावर कुलूप सुटलेलं त्याला चांगलं आठवत होतं. कुणी हसलं नव्हतं, कुणी 'कोण?' म्हणून विचारलं नव्हतं. दार मात्र हलकेच आत गेलं होतं. त्यानंच ते परत ओढून घेतलं होतं.

दुसऱ्या कुणीतरी चुकून कळ दाबली असेल, अशी जिना चढताना त्यानं मनाची समजूत घातली. मनाला ती काही पटली नाही.

चार नंबरचं दार सताड उघडं होतं. सत्तरीची एक बाई दारातच उभी होती, वाट बघत असल्यासारखी.

"या, या. हळू बोला जरा. तो हात-पाय धुतोय."

आतून नळाचा आवाज येत होता.

"कोण, मावशी?"

"माझा मुलगा."

परवा त्यानंच ओढून ठेवलेल्या दोन तारा भिंतीतून बाहेर आल्या होत्या. टोकांना त्यानंच गुंडाळलेली टेप होती.

"मघाशी तुम्ही खालचं दार उघडलंत का?"

"मी कशानं उघडणार? यंत्र तर तुमच्या हातात आहे. खाली दार वाजलं, मग जिन्यावर त्याची पावलं ऐकली." तिनं भिंतीवरची धूळ हातानं पुसली. "जुनी बेल चार महिने बंद होती. मी रोज सांगायचे, कुणी मनावर घेतलं नाही. एक दिवस तो आला. बटण दाबत अर्धा तास खाली उभा राहिला आणि परत गेला, शेजारणीनं बघितलं. त्या कोपऱ्यावरच ट्रकनं उडवलं त्याला. तीन वर्षं झाली." ती हसली. "आज बेल लागली, आणि आला बघा."

वायरमनच्या अंगावर काटा आला. त्याहून जास्त त्याला लाज वाटली.

"मावशी, रागावू नका. तो मीच होतो. चाचणी घेताना 'मी आलोय' म्हणालो. माझं चुकलं."

"म्हणालात तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "पण आला तो. बसवा आता ते. पुन्हा यंत्र नाही म्हणून त्यानं परत जायला नको."

पिशवी उचलून सरळ निघून जावं असं त्याला वाटलं. पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून पाय निघेना. त्यानं टेप सोडली, तारा सोलल्या. नळ वाहतच होता. इतका वेळ कुणी हात-पाय धुतं का, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

"आणि बाहेर जायचं बटण कुठलं?" बाईनं विचारलं.

"बाहेर जायला बटण लागत नाही. आतून दार नुसतं ओढायचं."

"तेवढं बंद करता आलं तर बघा ना."

रिसीव्हर भिंतीवर बसवून त्यानं जिन्यावरून उतरणाऱ्या मेहुण्याला हाक मारली. "खाली जाऊन चार दाब. आणि हे बघ, फक्त नंबर बोल. दुसरा एक शब्द नाही."

"आज उस्तादांची आठवण आली वाटतं, दाजी?" मेहुणा हसत खाली गेला.

थोड्या वेळानं रिसीव्हर वाजला. वायरमननं हात पुढं केला, तेवढ्यात आतला नळ बंद झाला. मग कडी निघाल्याचा आवाज आला.

"राहू द्या," बाई म्हणाली. "तो घेईल."