शेवटचं घर

धोक्याचा इशारा असेपर्यंत डोंगरउतारावरच्या प्रत्येक घरी दर तासाला फोन करून चौकशी करायची, हे आपत्ती कक्षातल्या ऑपरेटरचं काम होतं. शेवटच्या घरात एक आजोबा राहत.

"पाणी कुठवर आलंय, आजोबा?"

"ओढा अंगणात शिरलाय. आणि वाऱ्याचं म्हणशील तर पत्रे नुसते नाचतायत."

"घरात माणसं किती?"

"मघाशी होती तेवढीच. एक." ते हसले. "सख्खी नात असतीस ना पोरी, तर इतक्यांदा फोन केला नसतास."

दुपारी वरचा उतार खचू लागला. "आजोबा, आत्ताच्या आत्ता खालच्या शाळेत जा. बाकी सगळे कधीच पोचलेत."

"जाईन गं. पण फोन इथे आहे ना."

"शाळेतही फोन आहे. मी तिथे करते. दर तासाला."

आजोबा निघाले. ते शाळेत पोचतात न पोचतात तोच त्यांच्या स्वयंपाकघरावर दरड कोसळली.

दोन दिवसांनी इशारा मागे घेतला, तसे फोनही थांबले.

महिन्याभराने कक्षातला फोन वाजला. "मी शेवटच्या घरातला. भिंत बांधून झाली, कालच परत राहायला आलो."

"अरे वा. सगळं ठीक ना, आजोबा?"

ते जरा घुटमळले. "इकडे पाऊस फार आहे गं."

तिने खिडकीतून पाहिलं. समोरचा, आजोबांच्या घराचा डोंगर माथ्यापर्यंत लख्ख उन्हात उभा होता.

"मग बाहेर पडू नका हं," ती म्हणाली. "मी करते तासाभराने."