न धुतलेलं लुगडं

बिरजूनं लुगडं हुंगलं, एकदा शिंकला आणि सरळ घरात जाऊन लोखंडी पेटीसमोर बसला.

अंगणात हशा पिकला. मूल शहरातून जाकीट घातलेलं कुत्रं आलंय म्हटल्यावर सगळं गाव जमलं होतं.

चंदाबाई सकाळी मोहफुलं वेचायला जंगलात गेली, ती दुपार कलली तरी परतली नव्हती. गडीमाणसं हाका मारमारून रिकामी आली होती. वाघाचं नाव कोणी काढत नव्हतं.

दिव्यानी आणि तिचा भाऊ प्रणित, दोघांनी राईस मिलमागे आळीपाळीनं लपून बिरजूला माणूस शोधायला शिकवलं होतं. आजवर त्यानं शोधलं ते या दोघांनाच. खरोखरच हरवलेलं माणूस हे पहिलंच.

प्रणित खाली मान घालून पट्टा गुंडाळू लागला. दिव्यानीनं लुगडं नाकाशी नेलं. डांबरगोळ्यांचा वास.

"हे कधी नेसल्या होत्या?"

"लेकीच्या लग्नात," सून रीता म्हणाली. "चांगलं हेच हाये त्यायचं."

"चांगलं नको ताई. न धुतलेलं पाहिजे."

रीता उभीच राहिली. सासूचं मळकं चार लोकांत कसं काढायचं? पाहुणे येतायत म्हणून तिनंच ते घाईनं रांजणामागे कोंबलं होतं. शेवटी ती आत गेली आणि घामाचं, तंबाखूच्या खर्र्याच्या डागांचं लुगडं पदराआड झाकून घेऊन आली.

बिरजूनं त्यात तोंड खुपसलं आणि निघाला. मोहाच्या झाडांकडे नाही, नाल्याकडे. आता कोणी हसत नव्हतं.

चंदाबाई दरडीखाली बसलेली होती. पाय सुजलेला, मोहफुलांची टोपली मांडीवर घट्ट धरलेली. बिरजू तिचं तोंड चाटू लागला, पण तिची नजर दिव्यानीच्या हातातल्या लुगड्यावर. पाणी मागायच्या आधी ती मागोमाग आलेल्या सुनेला म्हणाली, "माहं खराब लुगडं पाहुण्यायच्या हाती काऊन देलं?"

डोळे पुसायला रीतानं तेच लुगडं घेतलं.

पायाला प्लास्टर घालून चंदाबाई गडचिरोलीहून घरी आली. दुसऱ्या दिवशी रीता अंगणात धुणं घेऊन बसली. सासूचं एक लुगडं तिनं बाजूला काढून दोरीवर कोरडंच टाकलं. शेजारी नवऱ्याचा दुपट्टा. बाकीचं बादलीत घालायला घेतलं.

खाटेवरून चंदाबाईनं काठी पुढे केली आणि रीताची साडी भिजायच्या आत टोकानं उचलून घेतली.

"हे बी राहू दे वं. धुतलेली सून कुत्र्याले सापडत नाई."